विश्लेषण : अटकेची कारणे लेखी मिळणे इतके महत्त्वाचे का? आरोपीचा बचाव नेमका कुठून सुरू होतो?

फौजदारी खटल्यातला बचाव म्हटले की साक्षीदारांची उलटतपासणी आणि अंतिम युक्तिवाद आठवतात. आरोपीच्या आयुष्यात ते दिवस उगवतात ते अनेकदा काही वर्षांनी. त्याला कोठडीत ठेवायचे की नाही, याचा पहिला निर्णय मात्र अटकेनंतर 24 तासांच्या आतच होतो. त्या वेळी सरकारी बाजूकडे प्रथम माहिती अहवाल (एफआयआर), पंचनामे, जबाब आणि रिमांड अहवाल असतो. आरोपीच्या हातात बहुधा काहीच नसते. ही विषमता कमी करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025 रोजी ‘मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीला लेखी आणि त्याला समजेल त्या भाषेत द्यावीच लागतील, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या निकालाचा अर्थ काय, तो अमलात येण्यात अडचणी कोणत्या आणि अटक झालेल्या व्यक्तीला त्याचा उपयोग कसा होईल, याचा हा आढावा.

निकालात नेमके काय म्हटले आहे?

तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने चार गोष्टी निश्चित केल्या. पहिली, अटकेची कारणे सांगण्याचे बंधन प्रत्येक कायद्याखालील प्रत्येक गुन्ह्याला लागू आहे. ते केवळ विशेष कायद्यांपुरते नाही. दुसरी, ही कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत हवीत. तिसरी, अटकेच्या क्षणी लेखी देणे शक्यच नसेल, उदाहरणार्थ पोलिसांच्या डोळ्यांदेखत हल्ला झाला आणि हल्लेखोराला तिथेच पकडावे लागले, तर कारणे आधी तोंडी सांगता येतील. मात्र लेखी प्रत वाजवी वेळेत, आणि कोणत्याही परिस्थितीत रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी लागेल. चौथी, हे पाळले नाही तर अटक आणि त्यापाठोपाठची कोठडी बेकायदा ठरेल आणि व्यक्तीला सोडावे लागेल. ही पद्धत यापुढच्या अटकांना लागू राहील, असेही निकालात नमूद आहे.

मूळ प्रकरण काय होते?

मुंबईत वरळी येथे 7 जुलै 2024 रोजी पहाटे भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरील महिलेचा मृत्यू झाला. नवे फौजदारी कायदे लागू होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. या गुन्ह्यात अटक झालेल्यांनी आपल्याला अटकेची कारणे लेखी दिली नाहीत, असा आक्षेप घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्ह्याचे गांभीर्य आणि उपलब्ध पुरावा पाहता अटक वैध ठरवली. त्यानंतर प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे प्रकरण लोकांच्या संतापाचे होते. आरोपीबद्दल सहानुभूती वाटावी असे त्यात काही नव्हते. तरीही न्यायालयाने कायद्याचा प्रश्न गुन्ह्याच्या स्वरूपापासून वेगळा ठेवला. हक्कांची परीक्षा सोप्या प्रकरणात होत नाही. ज्याच्याविरुद्ध जनमत आहे त्याला जो नियम मिळतो, तोच उद्या किरकोळ चोरीच्या संशयावरून उचललेल्या मजुरालाही मिळतो.

राज्यघटनेत ही तरतूद कशी आली?

राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 (1) नुसार अटक केलेल्या व्यक्तीला शक्य तितक्या लवकर अटकेची कारणे सांगितली पाहिजेत आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा, त्याच्यामार्फत बचाव करण्याचा तिचा हक्क नाकारता येत नाही. अनुच्छेद 22 (2) नुसार प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत तिला जवळच्या दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. ही दोन कलमे शेजारी आहेत, हा योगायोग नाही. कारण कळले तर वकिलाला काही सांगता येते. वकील असला तर दंडाधिकाऱ्यांपुढे काही मांडता येते. यातला एक दुवा निखळला की पुढचे सगळे औपचारिक उरते.

घटना समितीत या तरतुदीचा इतिहासही बोलका आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’ ही संकल्पना वगळल्यावर बरीच टीका झाली होती. त्याची काही प्रमाणात भरपाई म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर 1949 मध्ये ‘15-अ’ हे नवे कलम मांडले. तेच पुढे अनुच्छेद 22 झाले. पोलिसांच्या अधिकाराला पहिल्याच टप्प्यावर वेसण घालण्याची ही योजना होती.

साध्या कायद्यातही ही तरतूद जुनी आहे. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 50 आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम 47 नुसार वॉरंटशिवाय अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने गुन्ह्याचा पूर्ण तपशील किंवा अटकेची अन्य कारणे तात्काळ कळवायची असतात. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनाचा हक्क आहे हेही सांगायचे असते. ‘लेखी’ हा शब्द मात्र तिथे नाही. नेमकी तिथेच पळवाट होती. ‘कारणे समजावून सांगितली’ असे एक वाक्य अटक फॉर्मवर किंवा स्टेशन डायरीत लिहिले, त्याखाली आरोपीची सही किंवा अंगठा घेतला की काम भागत असे. खरोखर काय सांगितले, हे तपासण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

‘लेखी’चा आग्रह कधीपासून?

प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या प्रकरणांत हा आग्रह जुना आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. ‘हरिकिशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या 1962 च्या निकालात स्थानबद्ध व्यक्तीला इंग्रजी येत नव्हते आणि कारणे इंग्रजीत दिली गेली होती. पोलीस अधिकाऱ्याने ती तोंडी समजावली, हे स्पष्टीकरण सर्वोच्च न्यायालयाला पुरेसे वाटले नाही. ज्याला आपली बाजू मांडायची आहे त्याच्या हातात त्याला कळणाऱ्या भाषेतला कागद हवा, असा त्याचा आशय होता.

नेहमीच्या अटकांबाबत हा विचार अलीकडे पुढे सरकला. ‘पंकज बन्सल’ प्रकरणात 3 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली (पीएमएलए) अटक करताना सक्तवसुली संचालनालयाने कारणे लेखी दिलीच पाहिजेत, असे सांगितले. काही आरोपींना लेखी प्रत द्यायची, काहींना केवळ वाचून दाखवायची, ही तपास यंत्रणेची पद्धत न्यायालयाला मान्य झाली नाही. नुकतीच अटक झालेल्या माणसाच्या मनःस्थितीत वाचून दाखवलेला मजकूर ध्यानात राहणे कठीण, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता.

‘प्रबीर पुरकायस्थ’ प्रकरणात 15 मे 2024 रोजी हाच नियम बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याला (यूएपीए) लावला गेला. त्या प्रकरणात आरोपीला पहाटेच न्यायाधीशांसमोर नेण्यात आले होते आणि त्याच्या स्वतःच्या वकिलाला वेळेवर कळवलेले नव्हते. न्यायालयाने या घाईवर कडक ताशेरे ओढून अटक आणि कोठडी बेकायदा ठरवली. ‘विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या 7 फेब्रुवारी 2025 च्या निकालात आणखी दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. कारणे दिली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांची आहे. आणि पत्नीला अटकेची बातमी देणे म्हणजे आरोपीला अटकेची कारणे देणे नव्हे. याच प्रकरणात आरोपीला रुग्णालयाच्या खाटेला साखळीने बांधल्याचेही समोर आले होते.

6 नोव्हेंबर 2025 च्या निकालाने या वाटचालीला सर्वसाधारण रूप दिले. आर्थिक गुन्ह्यांतील बडे आरोपी आणि देशविघातक कृत्यांचा आरोप असलेले यांच्यासाठी घडत गेलेला नियम आता भाजीबाजारातल्या मारामारीत पकडलेल्यालाही लागू झाला.

‘अटकेची गरज’ आणि ‘अटकेचा आधार’ यांत फरक काय?

हा फरक समजला नाही तर संपूर्ण निकाल कागदावर राहील. पुरकायस्थ प्रकरणात न्यायालयाने तो उलगडून दाखवला आहे. आरोपीने पुन्हा गुन्हा करू नये, पुरावा नष्ट करू नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये, नीट तपास व्हावा, ही झाली अटकेची गरज. ती जवळपास कोणत्याही आरोपीला लागू पडते. अटकेचा आधार मात्र त्या व्यक्तीपुरताच असतो. या माणसाविरुद्ध कोणती माहिती आहे आणि ती त्याला गुन्ह्याशी कशी जोडते, याचे उत्तर त्यात हवे.

समजा, भिवंडीतल्या यंत्रमाग कारखान्यात काम करणाऱ्या एका परराज्यातील तरुणाला कापडाच्या ताग्यांच्या चोरीत अटक झाली. त्याला दिलेल्या कागदावर कलमाचा आकडा आणि ‘तपासकामी अटक आवश्यक’ इतकेच असेल, तर त्याला आणि त्याच्या वकिलाला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘अमुक तारखेला रात्री गोदामातून माल गेला, सहआरोपीने तुमचे नाव सांगितले, तुमच्या खोलीतून दोन तागे मिळाले’ असे लिहिले, तर बचावाला धरायला जागा मिळते. त्या रात्री तो दुसऱ्या पाळीत होता का? हजेरीपट आहे का? खोलीत आणखी कोण राहते? पोलिसांपुढे सहआरोपीने दिलेल्या कबुलीला पुरावा म्हणून किती किंमत आहे? हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता येतात. महिन्याभराने हजेरीपट सापडेलच असे नाही. कारखान्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण तर त्याहून लवकर पुसले जाते.

पोलिसांना आपला सगळा तपास उघड करावा लागेल, ही भीती अनाठायी आहे. गुप्त खबऱ्याचे नाव किंवा पुढच्या झडतीचे ठिकाण सांगणे अपेक्षित नाही. ज्या मूलभूत वस्तुस्थितीवर अटक उभी आहे, तेवढीच सांगायची आहे. ती सांगता येत नसेल, तर अटक कशाच्या जोरावर केली हा प्रश्न उरतोच.

दोन तासांत वकील काय करू शकतो?

रिमांडची सुनावणी अनेकदा काही मिनिटांत उरकते. दुपारनंतर पोलीस आरोपींना घेऊन येतात, रिमांड अहवाल न्यायालयात सादर होतो, त्याची प्रत बचाव पक्षाच्या वकिलाच्या हाती जेमतेम सुनावणीच्या वेळी पडते. सुटीच्या दिवशीच्या न्यायालयात तर आरोपी अधिक आणि वेळ कमी. एवढ्या वेळात वकील काय वाचणार आणि काय बोलणार? ‘पोलीस कोठडीची गरज नाही’ या ठरावीक वाक्यापलीकडे तो जाऊ शकत नाही.

दोन तास आधी कागद मिळाला तर निदान काही ठोस मुद्दे तपासता येतात. अटक खरोखर कधी झाली आणि 24 तास कधी भरतात? गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तर कलम 35 (3) खालील हजर राहण्याची नोटीस का दिली नाही? ‘अर्नेश कुमार’ प्रकरणातील 2014 च्या निकालाने अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करण्यास मनाई केली आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असून आरोपी साठीच्या पुढचा किंवा दुर्बल असेल, तर पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी होती का? लावलेले कलम कागदावरच्या हकिगतीशी जुळते का, की जामीन मिळू नये म्हणून जड कलम लावले आहे? वैद्यकीय तपासणीत जखमा नोंदल्या आहेत का?

नव्या संहितेमुळे या सुनावणीचे महत्त्व वाढले आहे. पोलीस कोठडीची एकूण मर्यादा 15 दिवसांचीच आहे. मात्र कलम 187 नुसार गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत ती तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेलेला आरोपी पुन्हा पोलीस कोठडीत येऊ शकतो. अशा वेळी पहिल्या दिवशी दिलेली कारणे हा मापदंड ठरतो. पोलीस प्रत्येक वेळी नवी कहाणी सांगत आहेत की आधीच्याच मुद्द्यावर वेळ मागत आहेत, हे त्या कागदाशी ताडून पाहता येते.

भाषेची अडचण किती मोठी?

महाराष्ट्रात ही सर्वात अवघड बाजू ठरेल. पोलिसांचा बहुतेक कारभार मराठीत चालतो, ते योग्यच आहे. पण ठाणे, पुणे, नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात अटक होणारा बंगाली, ओडिया किंवा तेलुगू बोलणारा असू शकतो. गडचिरोलीत माडिया, मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्याला प्रमाण मराठीतला पोलिसी मजकूर कितपत उमगेल? ‘सदर इसमाने संगनमताने’ अशा वळणाची वाक्ये मराठी मातृभाषा असलेल्यालाही दोनदा वाचावी लागतात. जो मुळात वाचूच शकत नाही, त्याच्यासाठी लेखी कागदाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो नातेवाईक किंवा वकिलाच्या हाती लगेच पडेल.

त्यामुळे आदेशाचे पालन म्हणजे एक छापील नमुना भरणे, असा अर्थ घेतला गेला तर हेतूच हरवेल. पोलीस ठाण्यांना अनुवादाची सोय लागेल, जिल्हा विधि सेवा प्राधिकरणांना स्थानिक बोली जाणणारे लोक जोडावे लागतील आणि यंत्राने केलेला अनुवाद कोणीतरी तपासावा लागेल. यासाठी मनुष्यबळ आणि पैसा लागतो. अपुऱ्या संख्येने काम करणाऱ्या, बंदोबस्तात अडकलेल्या पोलीस ठाण्यावर हे ओझे टाकून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

कारणे न मिळाल्यास आरोपी कायमचा सुटतो का?

नाही. या मुद्द्यावर सर्वाधिक गैरसमज आहे. अटक बेकायदा ठरली म्हणजे गुन्हा रद्द झाला असे नव्हे. एफआयआर, तपास, दोषारोपपत्र आणि खटला कायम राहतात. लेखी कारणे देऊन आणि आधी ती का दिली नाहीत याचा खुलासा करून पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात. असा अर्ज आल्यास दंडाधिकाऱ्यांनी तो शक्यतो आठवडाभरात निकाली काढावा, असे नोव्हेंबरच्या निकालात सांगितले आहे. म्हणजे पीडितांच्या न्यायाचा मार्ग बंद होत नाही.

तरीही या विषयावर न्यायालयांचा सूर पूर्णपणे एक नाही. कन्नड अभिनेता दर्शन याचा जामीन रद्द करताना 14 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने वेगळी भूमिका घेतली होती. केवळ लेखी कारणे दिली नाहीत म्हणून जामीन मिळत नाही, त्यामुळे आरोपीच्या बचावाला प्रत्यक्ष बाधा पोहोचल्याचे दिसले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. विहान कुमार, दर्शन आणि मिहीर शहा हे तिन्ही निकाल दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठांचे आहेत. त्यामुळे ‘बाधा दाखवा’ हा युक्तिवाद सरकारी पक्षाकडून पुन्हा येणे स्वाभाविक आहे.

या युक्तिवादात एक मूलभूत अडचण आहे. ज्याला कारणेच कळली नाहीत, त्याने त्यामुळे आपला कोणता मुद्दा राहून गेला हे कसे दाखवायचे? पहिल्या सुनावणीत न विचारलेला प्रश्न कुठेही नोंदला जात नाही. वाया गेलेले कोठडीचे दिवस परत येत नाहीत. म्हणून ठरावीक मुदत आणि ठरावीक परिणाम सांगणारा नियम प्रत्येक प्रकरणात बाधा मोजत बसण्यापेक्षा न्याय्य आहे. तो पोलिसांनाही सोयीचा आहे. एक कागद वेळेवर दिला की पुढचा वाद संपतो. तो न दिल्यामुळे एखादा गंभीर गुन्ह्यातील आरोपी सुटला, तर त्याचा दोष राज्यघटनेला देण्यापेक्षा कागद न देणाऱ्या यंत्रणेकडून जाब घ्यायला हवा.

वकीलच नसेल तर हा हक्क कोण वापरणार?

लेखी कारणे ही अर्धी गोष्ट झाली. ती वाचून बोलणारा माणूस हवा. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ‘एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात कैद्याचा मोफत विधि साहाय्याचा हक्क मान्य केला. पुढच्याच वर्षी ‘हुसैनआरा खातून’ प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची अवस्था देशासमोर आली. भागलपूरमध्ये कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणातून आलेल्या ‘खत्री’ निकालाने हा हक्क पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केल्यापासून सुरू होतो, असे सांगितले. अजमल कसाबच्या अपिलावरील 2012 च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. वकील मिळण्याच्या हक्काची माहिती आरोपीला देणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य असून त्यात कसूर केल्यास विभागीय कारवाई होऊ शकते, असे त्यात नमूद आहे. ज्या माणसाला देशात सर्वाधिक तिरस्कार मिळाला, त्याच्या प्रकरणात हा हक्क अधोरेखित व्हावा, हे या न्यायव्यवस्थेचे बळच म्हणायचे.

विधि सेवा प्राधिकरण कायदा, 1987 मधील कलम 12 नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाने 2019 मध्ये अटकेपूर्वी, अटकेच्या वेळी आणि रिमांडच्या टप्प्यावर मदत देण्याची कार्यपद्धती आखली. 2022 पासून केवळ फौजदारी बचावासाठी वकील नेमण्याची ‘लीगल एड डिफेन्स कौन्सेल’ योजना सुरू झाली. यंत्रणा आहे, पण पोलीस ठाण्यातून तिला वेळेवर निरोप गेला तरच ती कामाला येते. दंडाधिकाऱ्यांसमोर ऐन वेळी उभा केलेला वकील आरोपीचे नाव विचारण्यापासून सुरुवात करत असेल, तर हजेरी लागते, बचाव होत नाही.

हे किती लोकांच्या आयुष्याशी जोडलेले आहे, याची कल्पना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीवरून येते. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5 लाख 73 हजार 220 कैदी होते. त्यांपैकी 4 लाख 34 हजार 302 जण, म्हणजे जवळपास 76 टक्के, कच्चे कैदी होते. कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेले नव्हते. यातील प्रत्येकाची तुरुंगवारी एका रिमांड आदेशापासून सुरू झाली होती.

अटक झाल्यास काय लक्षात ठेवावे?

अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या गणवेशावर नाव स्पष्ट असले पाहिजे. ‘डी. के. बसू’ प्रकरणातील 1996 च्या निर्देशांनुसार आणि आता संहितेच्या कलम 36 नुसार अटकेची टिपणी तयार करावी लागते, त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि आरोपीची सही असते. त्यावरील तारीख आणि वेळ वाचूनच सही करावी. वेळ चुकीची असेल तर 24 तासांचे गणित बिघडते.

लेखी कारणांची प्रत मागावी. मिळाली तर पोहोच देताना त्यावर मिळाल्याची वेळ लिहावी. प्रत न देताच ‘मिळाली’ अशी सही मागितली, तर ती न करता ही बाब दंडाधिकाऱ्यांना सांगावी. नातेवाईक किंवा मित्राला कळवण्याचा हक्क कलम 48 मध्ये आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम 38 मध्ये आहे, मात्र संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे अनुच्छेद 20 (3) सांगतो. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा ठरत नाही. तिच्या आधारे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग मात्र ग्राह्य धरला जातो.

नातेवाइकांनी एफआयआरची प्रत मिळवावी. संवेदनशील गुन्हे वगळता ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश 2016 पासून आहे. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाशी किंवा 15100 या क्रमांकावर संपर्क साधता येतो. आणि दंडाधिकाऱ्यांनी ‘पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?’ असे विचारल्यावर मान खाली घालून ‘नाही’ म्हणण्याची सवय सोडावी. त्या एका उत्तराची नोंद होते आणि पुढे तीच आड येते.

या निकालाची कसोटी कुठे लागेल?

निकालाची प्रत उच्च न्यायालये आणि राज्य सरकारांना पाठवण्याचे आदेश होते. पण परिपत्रक निघणे आणि पोलीस ठाण्यात ते उतरणे यांत अंतर असते. अर्नेश कुमार निकालानंतरही अनावश्यक अटकांबद्दल न्यायालयांना वारंवार बोलावे लागले, हा अनुभव ताजा आहे. डी. के. बसू निर्देशांच्या पाट्या पोलीस ठाण्यांच्या भिंतींवर लागल्या, कोठडीतील मारहाण मात्र थांबली नाही.

या वेळी खरी जबाबदारी दंडाधिकाऱ्यांच्या मेजावर येऊन पडते. रिमांड देणे हे न्यायिक काम आहे, पोलिसांच्या अर्जावर शिक्का मारणे नव्हे. कोठडीच्या आदेशापूर्वी त्यांनी आरोपीला त्याच्या भाषेत तीन प्रश्न विचारले तरी पुरेत. कारणांचा कागद मिळाला का? किती वाजता मिळाला? तो वाचून दाखवणारा वकील भेटला का? उत्तरे आदेशात नोंदवली गेली, तर पोलीस ठाण्यांतली पद्धत आठवड्याभरात बदलेल, कारण कागद नसेल तर कोठडी मिळत नाही हे तपास अधिकाऱ्याला कळेल. हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत, तर अटक फॉर्मवर आणखी एक छापील रकाना वाढेल आणि त्याखाली पूर्वीसारखाच अंगठा उमटत राहील.